उबुंटू २४.०४: घरच्या संगणकावरील परवानग्या आणि रूटचा अधिकार

घरातला एकच संगणक तिघे वापरत असतील, तर कोणाची फाइल कोणी उघडायची हा प्रश्न लगेच उभा राहतो. उबुंटू २४.०४ ही संगणक चालवणारी प्रणाली वर्षभर वापरल्यावर मला सर्वाधिक विश्वास वाटला तो याच बाबतीत, म्हणून हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

उबुंटूमध्ये रूट हे सर्वाधिकारी खाते असते, परंतु त्याचा पासवर्ड बंद ठेवलेला असतो. प्रणाली बसवताना तयार होणारे पहिले खाते ‘सुडो’ गटात जाते आणि त्या गटातील माणूस ‘सुडो’ याच नावाच्या आज्ञेने, स्वतःचाच पासवर्ड देऊन, एका आज्ञेपुरता रूटचा अधिकार घेतो. तो पासवर्ड त्याच टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) १५ मिनिटे पुन्हा विचारला जात नाही. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, हे मात्र नवख्या माणसाला आधी सांगून ठेवावे.

परवानग्यांचे गणित सोपे आहे: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १; आणि या आकड्यांची बेरीज मालक, गट व इतर यांच्यासाठी वेगवेगळी, याच क्रमाने मांडायची. २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचे होम फोल्डर (त्याच्या स्वतःच्या फाइलींचे फोल्डर) ७५० परवानगीने बनते. त्यापूर्वी ते ७५५ असे, म्हणजे घरातील दुसऱ्या खात्यालाही त्यात डोकावता येई. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

गोंधळ होतो तो फोल्डरबाबत. फोल्डरवरील ‘चालवण्याचा’ १ म्हणजे आत शिरण्याची परवानगी. त्यामुळे फाइल सर्वांना वाचण्यास खुली असली, तरी वाटेतील एखादे फोल्डर बंद असल्यास ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) एवढाच संदेश येतो आणि अडथळा नेमका कोठे आहे ते कळत नाही. ‘नेमआय’ ही आज्ञा ‘-एल’ जोडून दिल्यास वाटेतील प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी क्रमाने दिसते. ती माहीत नसल्यामुळे मी एकदा वैतागून प्रणालीच्या मांडणीच्या फाइली ठेवणाऱ्या संपूर्ण ‘ईटीसी’ फोल्डरला आतील फाइलींसह ७७७ देऊन टाकले. त्यानंतर सुडोने काम करण्यासच नकार दिला, कारण सुडो कोणी वापरायचे हे ठरवणारी, याच फोल्डरमधील ‘सुडोअर्स’ फाइल कोणालाही बदलता येत असेल तर तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. रिकव्हरी मोडमधून (दुरुस्तीसाठी संगणक सुरू करण्याच्या पर्यायातून) रूट म्हणून शिरून त्या फाइलला पुन्हा ४४० दिल्यावर सुडो चालू झाले, पण बाकीच्या फाइली एकेक करून तपासण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तरीही तो नकार योग्यच होता, असे माझे मत आहे.

उणीव सांगायची तर फाइल व्यवस्थापकातील परवानग्यांची खिडकी अपुरी आहे. दुसऱ्याच्या मालकीची फाइल आपल्या नावावर करायची असेल तर टर्मिनल उघडून सुडोसह मालक बदलणारी ‘सीएचओन’ ही आज्ञा चालवावी लागते, आणि एक्सफॅट या साठवण-पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तर मालकी किंवा परवानग्या साठवण्याची सोयच नसते.