वांगणीचं रात्रभराचं आकाशदर्शन: प्रश्न विचारणाऱ्या मुलांना नक्की न्या

भाची पाचवीत आहे आणि तिचे प्रश्न काही संपत नाहीत, म्हणून यंदाच्या थंडीत अमावस्येजवळचा शनिवार बघून तिला बदलापूरजवळच्या वांगणीला घेऊन गेले. दुर्बिणीतून शनी-गुरू दाखवणं, तारकासमूह ओळखणं हे सगळं आहेच आणि चांगलं आहे, पण मी परत पैसे भरेन ते तिथल्या प्रश्नोत्तरांसाठी.

एका मुलाने विचारलं, दादा, शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर तरंगत होते म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नसतंच ना? आकाश दाखवणारा दादा म्हणाला, असतं की, जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं, कारण स्टेशन फक्त ४०० किलोमीटर वर आहे, साधारण मुंबई ते कोल्हापूर. मग खाली का पडत नाही? तर पडतच असतं, पण ताशी २८ हजार किलोमीटरने पुढेही पळत असतं त्यामुळे ते जेवढं पडतं तेवढाच खालचा पृथ्वीचा गोल पृष्ठभागही वाकत जातो, आणि आतली माणसं त्याच्यासोबतच पडत असतात म्हणून तरंगतात. एवढ्यावर सोडलं नाही त्याने. बिसलेरीच्या बाटलीला खाली भोक पाडलं, झाकण काढलं, टॉर्च मारला, पाण्याची धार लागली. मग खुर्चीवर चढून बाटली सोडून दिली तर खाली आपटेपर्यंत धार बंद, कारण पाणीही बाटलीसोबतच पडत असतं!! पोरांनी चार-पाच वेळा करायला लावलं आणि त्याने न कंटाळता केलं, हे मला फार आवडलं.

तारे लुकलुकतात मग ग्रह का नाही, यावर आधी पूर्वेला खाली चमचमणारा व्याधाचा तारा आणि स्थिर गुरू दोन्ही बघायला लावले आणि मगच सांगितलं की तारा इतका लांब की नुसता ठिपका, हवा हलली की त्याचा सगळा प्रकाश हलतो, ग्रहाची छोटीशी चकती असते म्हणून ते हलणं एकमेकांत मिटून जातं.

मध्यरात्रीचं स्लाइडवरचं लेक्चर मात्र लांबलं, निम्मी मुलं झोपली, ते अर्ध्यावर आणायला हवं. बदलापूरकडच्या उजेडाने त्या बाजूचं आकाशही धुरकट दिसतं.

जाताना सतरंजी, स्वेटर, कानटोपी न्या. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावा आणि मोबाईल बॅगेतच राहू द्या, अंधाराला डोळे सरावायला २०-२५ मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून.