गॅस गीझर काढून विजेचा बसवला: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या डिसेंबरात आई अंघोळीला गेली आणि दहा मिनिटांत कशीबशी कडी काढून उंबऱ्यातच बसली. डोकं गरगरतंय, हातपाय गळालेत, एवढंच म्हणाली. आम्हाला वाटलं बीपी. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते, बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का?

होता. आमचं बाथरूम जेमतेम पाच बाय चार, आणि नाशिकच्या गारठ्यात वरची खिडकी घट्ट लावलेली. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून गळती कळते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास, ना रंग. त्याच आठवड्यात गीझर उतरवला आणि १५ लिटरचा, २ किलोवॅटचा विजेचा बसवला.

वायरिंगवर कंजुषी केली नाही. जुना पॉइंट ६ अँपिअरचा होता. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून १६ अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) लावला, अर्थिंग तपासून घेतलं.

गैरसोय आहेच. पूर्वी नळ सोडला की गरम पाणी, कितीही बादल्या. आता वीसेक मिनिटं आधी बटण दाबायचं. थंडीत दोघांच्या अंघोळी झाल्या की तिसऱ्याला थांबावं लागतं. आम्ही चौघं, २५ लिटरचा घ्यायला हवा होता. वीज गेली की शेगडीवर पातेलं.

आमचा वापर महिन्याला ९० युनिटांच्या आसपास असायचा. जानेवारीत १५० झाला. १०० च्या पुढच्या युनिटांना दर चढा, त्यामुळे बिल चांगलंच जाणवलं. पण २५ दिवसांत संपणारा सिलिंडर आता दीड महिना पुरतो.

आमच्याकडे बोअरचं पाणी. आठव्या महिन्यात टाकी उघडली तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर आणि मॅग्नेशियमचा रॉड अर्धा झिजलेला. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. बदलून घेतला. तुमचं पाणी जड असेल तर वर्षभर थांबू नका.

जुना गीझर चालू स्थितीत होता. शेजारच्या काकांनी त्यांच्या बाथरूमसाठी मागितला. दिला नाही, भंगारात घातला.