"एकच ते, ताई": दोन एंडोमेंट पॉलिसी, आठ वर्षं आणि एका शब्दासाठी पाच महिने

एंडोमेंट म्हणजे ठरावीक वर्षं हप्ते भरायचे आणि मुदत संपली की आपल्याला, मध्येच काही झालं तर घरच्यांना बोनससकट रक्कम मिळणारा विमा; बहुतेकांना माहीत आहे, जास्त सांगत बसत नाही. आमच्या घरात अशा दोन पॉलिसी. ऑगस्ट 2017 मध्ये एकाच दिवशी, नात्यातल्याच एजंटकडून घेतलेल्या. एक नवऱ्याची, एक माझी. प्रत्येकी 4 लाखांचा विमा, 20 वर्षं मुदत, कर सोडून वर्षाला 20,000 हप्ता. परताव्यावर सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते एका शब्दाबद्दल.

गेल्या जूनमध्ये माझी पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे घ्यायला, शाखेत गेले. 2023 पर्यंतचे सात हप्ते भरले होते, 2024 चा घराच्या कामात राहिला, पुढे ओढायची इच्छा नव्हती. खिडकीवरच्या मुलाने दोन्ही पॉलिसी उघडल्या आणि म्हणाला, "साहेबांची तर आधीच सरेंडर झालीय." कागदही काढून दिला. स्थिती: सरेंडर. मी म्हटलं, आम्ही कधीच सरेंडर केलेली नाही. फॉर्म नाही, सही नाही, एक रुपया आलेला नाही. त्यावर तो म्हणाला, "एकच ते, ताई. बंद म्हणजे बंद."

एकच नाही. आपल्या घरातल्या बायकांना हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. दागिना मोडतो, एफडी मोडते. सोनाराकडे मोड दिली की घट जाते, मन खट्टू होतं, पण आपल्यासमोर वजन होतं आणि पैसे आपल्या हातात येतात. भिशीवाला पळाला की पैसे बुडतात. तिथे आपल्याला कुणी विचारत नाही, वजन होत नाही, हातात काही येत नाही. पॉलिसी मोडली म्हणजे सरेंडर, बुडाली म्हणजे फॉरफिट. मोडताना माझी सही लागते. बुडायला माझं गप्प बसणं पुरतं.

नवऱ्याची बुडाली होती. 2017 आणि 2018 चे दोन हप्ते भरलेले. तिसरा ऑगस्ट 2019 चा, आणि त्या ऑगस्टमध्ये सांगलीत पुराने काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुकानात छातीएवढं पाणी होतं. हप्त्याची तारीख गेली, सवलतीचे 30 दिवस चिखल काढण्यात गेले. नंतरच्या वर्षी पुन्हा सुरू करू म्हणेपर्यंत लॉकडाऊन लागलं. 40,000 रुपये गेले. हे मी तेव्हाच मनाशी मान्य केलं होतं. पण त्याला सरेंडर म्हणणं म्हणजे आमच्या माणसाने स्वतःहून हक्क सोडला आणि मोबदला घेतला असं लिहून ठेवणं. उद्या कुणी तो कागद पाहिला तर म्हणेल, पैसे घेतलेत की तुम्ही.

म्हणून पत्र दिलं. सरेंडर झाली असेल तर अर्जाची तारीख, सहीची प्रत, किती रक्कम आणि कोणत्या खात्यात, एवढं कळवा. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला मोबाईलवर संदेश आला, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." शाखेतल्या एका वरिष्ठ बाईंना मी निवडणुकीचं उदाहरण दिलं. लोकसभेला 25,000 अनामत भरतात. माघारीच्या मुदतीत अर्ज मागे घेतला तर ती परत मिळते, उभं राहून एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत आणि जिंकलाही नाही तर जप्त होते. दोघेही खासदार झाले नाहीत, म्हणून त्यांचं एकच झालं असं आपण म्हणतो का? त्यांनी ऐकून घेतलं, पण कागद बदलायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. त्या दिवशी विचारलं असतं तर मी या कंपनीला रिव्ह्यूत एक तारासुद्धा दिला नसता.

इथे माझं मत थोडं बदललं, तेही प्रामाणिकपणे लिहिते. दोन हप्त्यांवर काहीच का मिळालं नाही हे शोधताना कळलं की पैशाच्या बाबतीत कंपनी बरोबर होती. 2017 च्या आमच्या पॉलिसींना, हप्ते भरायची मुदत दहा वर्षं किंवा जास्त असेल तर, तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर मूल्यच लागू होत नव्हतं. 2019 च्या नियमांत ही अट दोन वर्षांवर आली, पण नव्या योजनांसाठी. म्हणजे आणखी एकच हप्ता गेला असता तर त्या 40,000 ला काहीतरी किंमत उरली असती. एजंटने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर पुराच्या त्या महिन्यातसुद्धा मी पाटल्या मोडून हप्ता भरला असता. माझा खरा राग आता या न बोललेल्या वाक्यावर आहे.

वाचत गेले तसं एलिझर राइट या अमेरिकन माणसाबद्दल कळलं. गणिती आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारा कार्यकर्ता. 1844 मध्ये लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये त्याने म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसींचा लिलाव पाहिला. ज्यांना पुढचे हप्ते झेपत नव्हते ते पॉलिसी बुडू देण्याऐवजी कुणा परक्याला विकत होते, आणि तो परका त्यांच्या मरणाची वाट बघणार होता. राइट हे विसरला नाही. पुढे मॅसॅच्युसेट्सचा विमा आयुक्त झाल्यावर त्याच्या खटपटीने 1861 मध्ये तिथे कायदा झाला: हप्ता थकला म्हणून सगळं जप्त करायचं नाही, साठलेल्या राखीव रकमेतून काही काळ विमा चालू ठेवायचा. रोख सरेंडर मूल्याची सक्ती तिथे 1880 मध्ये आली. म्हणजे बुडण्यापासून वाचवायला म्हणूनच मोडायची सोय कायद्याने दिली. हे वाचल्यावर माझं पाच महिने एका शब्दासाठी भांडणं मला मुळीच जास्त वाटलं नाही.

आता माझ्या पॉलिसीचं. भरलेले 1,40,000, सरेंडरचा आकडा मिळाला 97,400. मूळ बाँड, केवायसी, रद्द केलेला चेक, सगळं घेऊन गेले होते. फॉर्मवर महसुली तिकिटावर सही करायची असते, आणि त्याच्या वर या पॉलिसीवरचे माझे सर्व हक्क मी सोडत आहे अशा अर्थाचं वाक्य असतं. ते वाचून पेन खाली ठेवलं. इतके दिवस मी या दोन शब्दांतला फरक लोकांना सांगत होते, आणि स्वतःचा हक्क सोडताना आकडा तपासला नव्हता.

घरी येऊन हिशेब मांडला. तीन वर्षांची अट ओलांडलेली असल्यामुळे मी काहीच केलं नाही तरी पॉलिसी बुडत नाही, ती पेडअप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी विम्यावर चालू राहते. विमा हप्त्यांच्या प्रमाणात कमी होतो: 4 लाखांचे सात विसांश म्हणजे 1,40,000. त्यावर आधीच जमा झालेला बोनस 1,08,000, नवा लागणार नाही. 2037 मध्ये 2,48,000, आणि मधल्या काळात माझं काही झालं तर ती रक्कम घरच्यांना. उलट 97,400 बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तरी बारा वर्षांत 2,19,000 च्या आसपास, आणि व्याजावर कर. मी सरेंडर केलं नाही. माझ्यासारख्या काटकसरीच्या बाईला हा 29,000 चा फरक सोडवत नाही. ज्याला आज दवाखान्यासाठी पैसे हवेत त्याचा हिशेब वेगळा, त्याने जरूर मोडावी, पण पेडअपचा आकडा लेखी मागून मग. मला तो कुणी आपणहून सांगितला नाही. खिडकीवर नाही, एजंटनेही नाही.

नवऱ्याच्या पॉलिसीचं तिसरं पत्र मी विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार म्हणून टाकलं. नोव्हेंबरमध्ये तक्रार निवारण अधिकाऱ्याचं लेखी उत्तर आलं: पॉलिसी हप्ता न भरल्याने लॅप्स (म्हणजे बंद पडलेली), सरेंडरचा अर्ज नोंदीत नाही, कोणतीही रक्कम दिलेली नाही, स्थितीची नोंद दुरुस्त केली आहे. पैसे मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. नवऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं आणि बाँडला टाचणीने लावून ठेवलं. कंपनीला आता तीन तारे, त्यातला एक त्या अधिकाऱ्याच्या सरळ चार ओळींना.

धाकट्या जाऊबाईंनी मागच्या वर्षी अशीच एक पॉलिसी घेतलीय आणि दुसरा हप्ता जड जातोय म्हणत होत्या. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष पूर्ण झालं की विशेष सरेंडर मूल्य द्यावं लागतं, त्यामुळे त्यांचं आमच्यासारखं सगळं जाणार नाही. तरी रविवारी त्यांचा बाँड घेऊन बसणार आहे. आधी सरेंडर आणि पेडअप दोन्ही आकडे लेखी मागवू, मग हप्त्याचं बघू.