ओव्हरक्लॉकसाठी (सीपीयूचा क्लॉक, म्हणजे वेग, ठरलेल्यापेक्षा वाढवायला) फिक्स्ड व्होल्टेज बरं की ऑफसेट?

फिक्स्ड म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) समजा १.२५ व्होल्ट टाकलं की सीपीयू रिकामा असो नाहीतर रेंडर चालू असो, सेटिंग तेच राहतं. ऑफसेटमध्ये चिपचं स्वतःचं व्होल्टेज गरजेप्रमाणे वरखाली होतं, आपण फक्त त्यात थोडं वाढवतो किंवा कमी करतो.

प्रॉब्लेम शोधायचा असेल तर माझं मत सरळ फिक्स्डला, कारण क्रॅश झाला की संशय कमी गोष्टींवर जातो. प्राइम९५ (सीपीयूवर पूर्ण ताण देणारी स्ट्रेस टेस्ट) लावल्यावर हँग झाला तर एकतर क्लॉक जास्त आहे नाहीतर लोड आल्यावर व्होल्टेज खाली बसतंय, मग लोडलाइन कॅलिब्रेशन (लोडला व्होल्टेज खाली बसणं कमी करणारी बायोसमधली सेटिंग) एक पायरी वाढवून बघायचं (एकदम टोकाला नको, लोड सुटताना व्होल्टेज उसळी मारतं). पण सारखं व्होल्टेज वाढवत बसू नका, पॉवर साधारण व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, १.२५ चं १.३५ केलं की त्याच क्लॉकला १६-१७ टक्के जास्त पॉवर आणि तेवढी उष्णता कूलरवर, मग थ्रॉटलिंग (तापला की सीपीयू आपोआप मंदावतो) सुरू आणि बेंचमार्कचा स्कोअर उलट पडतो! त्यापेक्षा १०० मेगाहर्ट्झ सोडून दिलेले परवडले.

ऑफसेट रोजच्या वापराला छान, आयडलला व्होल्टेज उतरतं. पण मायनस ऑफसेटची गंमत अशी की स्ट्रेस टेस्ट रात्रभर पास आणि नुसता ब्राउझर उघडला की रीस्टार्ट, कारण हलक्या लोडला एखादा कोअर एकटाच वर बूस्ट होतो आणि तिथेच व्होल्टेज कमी पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये WHEA (हार्डवेअरचा) एरर दिसत असेल तर मायनस ऑफसेट थोडा कमी करा.