स्कीइंगसाठी गुलमर्ग की औली?

पहिल्यांदाच स्की पायाला बांधणार असाल, तर माझं मत औलीला. उत्तराखंडमधला हा उतार साधारण 2,500 ते 3,050 मीटरच्या पट्ट्यात आहे आणि बराचसा भाग नवशिक्याला झेपेल असा. समोर 7,816 मीटरची नंदादेवी! अडचण प्रवासाची: ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता अंगावर येतो. शिवाय बर्फाचा भरवसा कमी. कोरड्या हिवाळ्यात उतार उघडे पडतात.

गुलमर्गचा बर्फ मात्र वेगळाच. हलका, भुसभुशीत आणि खोल. वळताना गुडघ्यापर्यंत उडतो. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खालचे बरेच उतार आखलेले नाहीत, हिमस्खलनाचा धोका खरा आहे. गाइडशिवाय तिथे उतरू नका, कितीही मोह झाला तरी. नवशिक्यांसाठी खाली गोंडोलाच्या पायथ्याशी सौम्य उतार आहेतच.

श्रीनगर विमानतळापासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, त्यामुळे सुट्टी कमी असेल तर तेच सोयीचं. दोन्हीकडे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. लहान मुलं सोबत असतील, तर मी तरी औलीच निवडेन.