टेपर तीन आठवड्यांचा की दहा दिवसांचा?

शर्यतीला एकवीस दिवस उरले की आमच्या ग्रुपवर दरवर्षी एकच प्रश्न येतो : टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेणं, कधीपासून? उत्तरं दोन येतात आणि दोन्ही ठामपणे येतात. अर्धे म्हणतात, आजपासूनच, आता काही मिळवायचं राहिलेलं नाही. बाकीचे म्हणतात, अजून एक मोठी राइड मारा, शेवटचे दहा दिवस विश्रांतीला पुरेत. गोव्याची आयर्नमॅन ७०.३ मी दोनदा केली. एकदा पहिल्यांचं ऐकून, एकदा दुसऱ्यांचं. तुम्ही याच पेचात असाल तर माझ्या दोन वर्षांचा हिशेब शेजारी शेजारी मांडते.

अंतरं ठाऊक नसणाऱ्यांसाठी एवढंच : मिरामारला समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. पोहणं ७० मिनिटांत उरकावं लागतं आणि सगळं मिळून साडेआठ तासांत. शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. म्हणजे आपला बहुतेक सराव पावसाळ्यात, घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, भिंतीकडे बघत होतो आणि रस्ते सुकून मोठ्या राइड्स जमायला लागतात तोवर टेपर दारात उभा असतो. 'अजून एक राइड' म्हणणाऱ्यांचा जीव तिथे अडकतो, हे मी समजू शकते.

टेपरमध्ये सराव टप्प्याटप्प्याने उतरवत नेतात. महिनोन्‌महिने साठलेला थकवा लवकर ओसरतो, कमावलेला दम सावकाश ओसरतो. या दोहोंमधलं अंतर ज्या दिवशी जास्तीत जास्त असेल तो दिवस शर्यतीचा यावा, एवढीच खटपट. भांडण आहे ते तो दिवस नेमका कधी येतो यावर.

अभ्यासकांचं उत्तर मधलं आहे. लोरां बोस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पोहणं, धावणं आणि सायकलिंगमधल्या स्पर्धकांवरचे २७ अभ्यास एकत्र तपासले. सगळ्यात जास्त फायदा दिसला तो साधारण दोन आठवड्यांच्या टेपरमध्ये, आणि तोही सरावाचं एकूण प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवून, पण वेग आणि आठवड्यातले दिवस तेवढेच ठेवून. हे शेवटचं कुणी ऐकत नाही. आपण टेपर म्हटलं की दिवस गाळतो, किंवा सगळंच रमतगमत करतो. टेपरने कामगिरी सुधारते ती सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास. सात तासांच्या शर्यतीत ही साधारण बारा मिनिटं झाली. एवढ्यासाठी आपण महिनाभर वाद घालतो.

पण हे अभ्यास ज्यांच्यावर झाले ती मंडळी आठवड्याला भरपूर तास घाम गाळणारी. माझा सगळ्यात जड आठवडा नऊ तासांचा होता. शिवाय माझा निम्मा थकवा सायकलचा नसून हिंजवडीच्या ट्रॅफिकचा असतो, आणि त्याला टेपर नाही.

पहिल्या वर्षी मी पूर्ण तीन आठवडे घेतले. तास उतरत गेले : नऊवरून सहा, मग चार, मग अडीच. पहिला आठवडा सुखाचा गेला. झोप लागायला लागली, पायांतला जडपणा गेला, घरी माणसासारखं बोलता यायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात डावा गुडघा दुखायला लागला, जो वर्षभर कधी दुखला नव्हता. गुरुवारी तो बरा झाला आणि उजवी पोटरी धरली. असली दुखणी टेपरमध्ये जवळपास सगळ्यांनाच होतात आणि बहुतेक खोटी असतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी त्यांच्यावर उपाय शोधत रात्री बारापर्यंत व्हिडिओ पाहत होते. त्यातल्याच एका व्हिडिओवरून माझी सीट खाली आहे असा मला साक्षात्कार झाला आणि शर्यतीच्या सहा दिवस आधी मी ती पाच मिलिमीटर वर केली. साठाव्या किलोमीटरपासून कंबर काय बोलत होती ते लिहिण्यासारखं नाही.

लांब टेपरचा खरा फटका मात्र पाण्यात बसला. पोहण्याची पकड सगळ्यात आधी सुटते. तळहाताला पाणी 'लागणं' बंद होतं, हात नुसता सरकत जातो. मी तिसऱ्या आठवड्यात दोनदाच तलावावर गेले होते, तेही एकेक किलोमीटर. थंड पाण्याच्या शर्यतीत वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा रबरी पोशाख, तरंगायला मदत करतो, बऱ्याच चुका झाकतो. पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर त्याला सर्वसाधारण परवानगी नसते, आणि गोव्याचा समुद्र त्याहून कितीतरी उबदार. तिथे तुमची खरी पोहण्याची पातळी उघडी पडते. मला ५८ मिनिटं लागली. तलावात मी तेवढंच अंतर पन्नाशीच्या आत पोहत होते.

दुसऱ्या वर्षी दहा दिवस. शर्यत रविवारी, म्हणून त्याआधीच्या आठवड्यातल्या गुरुवारी रजा टाकली. पहाटे पाचला नवले पुलापासून निघून, नव्या बोगद्यातून शिरवळ गाठून परत, सगळे मिळून नव्वदच्या आसपास. आल्या आल्या बूट बदलून दहा किलोमीटर धावले. त्या दिवशी आत्मविश्वास असा काही वर गेला की तीन आठवड्यांच्या विश्रांतीने तो कधी गेला नसता. पुढच्या मंगळवारपर्यंत पाय मात्र लाकडाचे होते, शनिवारपासून घशात खवखव होती, आणि मी रोज सकाळी थर्मामीटर लावत होते. मोठ्या श्रमानंतर शरीर काही काळ नाजूक असतं, त्यात घरात शाळेत जाणारं मूल. छोट्या टेपरमध्ये आजारी पडायला मोकळा दिवसच नसतो. सर्दी झाली तर ती थेट शर्यतीतच उतरते. तीन आठवड्यांत ती येऊन जाते.

मला झाली नाही. पोहणं ५१ मिनिटांत झालं, आणि धावण्याचे शेवटचे सात किलोमीटर, जे पहिल्या वर्षी मी जवळजवळ चालले होते, ते धावले. एकूण १९ मिनिटं कमी लागली. आता हे सगळं श्रेय टेपरचं का? नाही. त्या वर्षी समुद्र शांत होता आणि सीट जागेवर होती. तरी पाण्यातल्या सात मिनिटांपैकी निम्मी तरी मी छोट्या टेपरला देईन.

मग लांब टेपर कुणी घ्यावा? आमच्या ग्रुपमधले एक काका आहेत, बावन्न वर्षांचे. ते मलेशियात लंकावीला पूर्ण आयर्नमॅन करून आले. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं. शेवटचे दोन महिने त्यांचे आठवडे चौदा-पंधरा तासांचे होते. त्यांनी तीन आठवडे घेतले आणि ते बरोबरच होतं. एवढं ओझं दहा दिवसांत उतरत नाही, आणि पन्नाशीनंतर शरीर भरून यायला वेळ घेतं. मी त्यांना माझा दहा दिवसांचा प्रयोग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "अगं, तुझं पोतं दहा किलोचं, माझं पन्नासचं. उतरवायला वेळ लागणारच."

म्हणून माझं मत असं की शर्यत किती लांब आहे यावरून टेपर ठरवू नका. गेल्या सहा आठवड्यांत तुम्ही खरोखर किती तास केलेत ते बघा. घड्याळातला आकडा, सरांनी पाठवलेल्या तक्त्यातला नव्हे. तक्त्यात दहा तास होते, पावसामुळे आणि गणपतीमुळे सहा झाले, तर तुमच्याकडे उतरवण्याजोगा थकवाच नाही. तीन आठवडे विश्रांती घेऊन काय उतरवणार? अशांनी दहा-बारा दिवस घ्यावेत. मात्र हुकलेला सराव शेवटच्या पंधरवड्यात कोंबून भरू नये. त्या दिवसांतला जादा सराव शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र लागतो. दुखापतीतून उठला असाल किंवा नोकरीत सध्या रात्री जागवत असतील, तर तास कमी असले तरी तीन आठवडे घ्या. त्यातही पोहणं तोडू नका. सायकल आणि धावणं उतरवा, पाण्यात मात्र आठवड्यातून तीनदा, अर्धा तास का होईना, उतरा. आम्हा बायकांचा आणखी एक हिशेब असतो, पाळीचा. तारीख शर्यतीच्या आठवड्यात येत असेल तर शेवटची मोठी राइड ढकलत तिच्या जवळ नेण्यात मला तरी शहाणपण वाटत नाही.

उकाड्याचा प्रश्नही इथेच येतो. पुण्याची ऑक्टोबर हीट कोरडी, गोव्याची दमट. तिथे घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, त्यातला बराचसा फरक पहिल्या आठवड्याभरातच पडतो. एवढी रजा कुणाला मिळते? गोव्यात दोन दिवस आधी पोचून सवय होत नाही, फक्त धास्ती बसते. घरी करण्याजोगा उपाय आहे. वेल्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की हलक्या धावण्यानंतर ४० अंशांच्या पाण्यात चाळीस मिनिटांपर्यंत, असे सहा दिवस बसलं तरी शरीर उष्णतेला सरावतं. आमच्या फ्लॅटमध्ये टब नाही, बादली आहे. म्हणून मी पंखा बंद करून, विंडचीटर घालून ट्रेनरवर बसले. (एकटीने हे करू नका, घरात कुणीतरी हवं, आणि गरगरलं की उतरा.) आता गंमत बघा, उष्णतेचा सराव हाही शरीरावर भारच. लांब टेपरमध्ये तो नीट मावतो, कारण बाकीचं ओझं कमी झालेलं असतं. छोट्या टेपरमध्ये तो नव्वद किलोमीटरच्या राइडच्या डोक्यावर येऊन बसतो. उकाड्याने तुम्ही नेहमी कोसळत असाल, तर एवढ्या एका कारणासाठीही मी लांब टेपर सुचवेन.

मनाच्या तयारीचेही दोन प्रकार दिसतात. एक, डोळे मिटून फिनिश लाइन बघणारे : कमान, गळ्यात मेडल, मुलांचे चेहरे. दुसरे, काय काय बिघडू शकतं याची यादी करणारे. पहिल्या वर्षी मी फिनिश लाइन इतक्यांदा पाहिली की प्रत्यक्ष पाण्यात गॉगल गळायला लागला तेव्हा मला काहीच सुचलं नाही. त्या चित्रात गळका गॉगल नव्हता. दुसऱ्या वर्षी मुलीच्या जुन्या वहीत दोन रकाने पाडले. गॉगल गळला, तर उताणं व्हायचं, पाणी काढायचं, दहा हात ब्रेस्टस्ट्रोक, मग पुढे. कुणाची लाथ लागली, तर डावीकडे सरकायचं, भांडायचं नाही. पंक्चर, तर पंधरा मिनिटं गेली असं आधीच धरायचं. पोट ढवळलं, तर जेल (शर्यतीत ताकदीसाठी घ्यायचा गोड, घट्ट पाक) बंद, नुसतं मीठ-पाणी, पाच किलोमीटर सावकाश. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये अशाच जर-तर पद्धतीच्या नियोजनावर लिहिलं होतं : कोणत्या वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी विचार करावा लागत नाही. लांब टेपर घेणाऱ्याला ही वही लागतेच, कारण त्याच्याकडे रिकामा वेळ असतो आणि रिकाम्या वेळात माणूस सीट वर-खाली करतो. छोटा टेपरवाला थकून झोपतो. त्याने निदान प्रवासात तरी ती यादी लिहावी.

खाण्याबद्दल दोन्ही टेपरांत फरक नाही, म्हणून थोडक्यात. शेवटच्या दीड-दोन दिवसांत किलोमागे दिवसाला दहा ग्रॅम कर्बोदकं म्हणतात. माझ्या ५८ किलोंना ५८० ग्रॅम, म्हणजे शिजलेल्या भाताच्या तेरा-चौदा वाट्या. नुसता भात कुणाच्याने एवढा जात नाही. पोहे, केळी, गूळ, सरबत असं दिवसभर वाटून घ्यावं लागतं. उसळी आणि कोशिंबिरी त्या दोन दिवसांत बंद, पोट हलकं राहतं. शर्यत नोव्हेंबरात असली की टेपर आणि फराळ एकाच वेळी येतात. सासूबाई म्हणतात, "एवढी पळतेस, एक करंजी खा की." खाते. चकलीला मात्र नाही म्हणते, तिच्यात तेल फार आणि एकीवर कुणी थांबत नाही.

या वर्षी मी तेरा दिवस ठरवलेत. शेवटची मोठी राइड सोमवारी, पोहणं आठवड्यातून तीनदा, पंख्याशिवायचा ट्रेनर शेवटच्या आठवड्यात नाही. त्या राइडच्या संध्याकाळी सीटपोस्टवर, नळीच्या तोंडाशी, लाल नेलपॉलिशची रेघ मारायची आणि सीट ज्याने हलवता येते तो ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच नवऱ्याच्या ताब्यात द्यायचा. मागच्या खेपेला त्याने तो इतका जपून ठेवला की मिरामारला सायकल जोडायची वेळ आली तेव्हा तो पुण्यात, देवघराच्या खणात होता.