नायट्रेट 12, मर्यादा 45 : प्लॉट विकताना दाखवलेल्या एका अहवालाबद्दल

गावाबाहेरच्या शेतजमिनीवर घरांसाठी प्लॉट पाडले गेले, त्यातला एक आम्ही घेतला. नळपाणी योजना नाही, गटार नाही. प्रत्येक घराची बोअर वेगळी, सेप्टिक टँक आणि शोषखड्डाही वेगळा. अशा जागी सगळी भिस्त जमिनीखालच्या पाण्यावर, म्हणून व्यवहाराआधीच पाण्याचा अहवाल मागितला होता. विकासकाने तो लगेच हातात ठेवला. त्यावर सल्लागाराचा सही-शिक्का होता आणि तक्त्यात एक ओळ होती: नायट्रेट 12, मर्यादा 45, शेरा 'पिण्यास योग्य'. त्या ओळीच्या भरवशावर आमच्यासारख्या अनेक कुटुंबांनी घरं बांधली.

त्यातला 12 हा आकडा खरा होता. फसवणूक त्याच्या शेजारी 45 लिहिण्यात होती.

नायट्रेट म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून बनलेला पदार्थ, खतांतून आणि सांडपाण्यातून तो भूजलात उतरतो. प्रयोगशाळा त्याचं प्रमाण दोन रीतींनी लिहितात. एक, पूर्ण नायट्रेट म्हणून. दुसरी, त्यातला फक्त नायट्रोजन मोजून. पाणी तेच असलं तरी आकडे वेगळे येतात. नायट्रोजनच्या रूपातला आकडा 4.43 ने गुणला की नायट्रेटचा मिळतो. भारतीय मानकातली 45 मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 50 ची मर्यादाही तशीच. अमेरिकेतली 10 ची मर्यादा मात्र नायट्रोजनच्या रूपातली. अहवालातला 12 नायट्रोजनचा होता, म्हणजे नायट्रेट 53. एकही घर उभं राहण्याआधीच ते पाणी मर्यादेबाहेर होतं.

हे कळलं ते शेजारच्या घरात बाळ जन्मल्यावर. बाळाला वरचं दूध सुरू करायचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, दूध कुठल्या पाण्यात कालवणार? बोअरचं म्हटल्यावर त्यांनी आधी नायट्रेट तपासून घ्यायला सांगितलं. सहा महिन्यांखालच्या बाळांना याचा धोका सर्वांत जास्त. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, त्यामुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते आणि बाळ निळं पडतं. विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध अमेरिकेतल्या आयोवातील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी 1945 मध्येच मांडला होता. नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसतं. तपासल्याशिवाय ते कळत नाही.

नव्या तपासणीत आकडा मर्यादेच्या वर आला, तेव्हा आम्ही जुन्या अहवालावरचा नमुना क्रमांक देऊन मूळ प्रयोगशाळेकडून प्रमाणपत्राची प्रत मागवली. त्यात 12 पुढे 'नायट्रोजनच्या रूपात' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्हाला दिलेल्या तक्त्यात तेवढेच शब्द गळले होते. नमुनाही वरच्या अंगाच्या एका खोल बोअरचा होता, तोही भर पावसाळ्यातला. प्लॉट सगळे उताराला, म्हणजे आमच्या बोअरचं पाणी तपासलंच नव्हतं.

पण मला सर्वांत जास्त संताप आला तो अहवालातलं 'भविष्यातील परिणाम' हे प्रकरण नीट वाचल्यावर. खरा हिशेब कसा व्हायला हवा होता ते आधी बघा. एक माणूस वर्षाला साधारण 4 किलो नायट्रोजन शरीराबाहेर टाकतो. पाच जणांच्या घराचे 20 किलो. सेप्टिक टँकमध्ये त्यातलं फारसं कमी होत नाही. पुढे मातीत त्याचं नायट्रेट बनतं, आणि नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली उतरतं. वाटेत पाव हिस्सा नाहीसा होतो असं धरलं तरी 15 किलो उरतं. आता 1000 चौरस मीटरचा प्लॉट घ्या. वर्षाला 1000 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला 100 मिलिमीटर जमिनीत मुरला, तर पाणी मिळालं 100 घनमीटर. घराचं सांडपाणी दिवसाला 500 लिटर, म्हणजे वर्षाला 182 घनमीटर. एकूण 282 घनमीटरमध्ये 15 किलो नायट्रोजन: लिटरला 53 मिलिग्रॅम. नायट्रेट म्हणून 235.

अहवालात मुरणाऱ्या पावसाऐवजी पडणारा सगळा पाऊस धरला होता. तसं केलं की हाच हिशेब 53 वरून 13 च्या आसपास येतो, तोही नायट्रोजनच्या रूपात, आणि पुन्हा 45 च्या शेजारी ठेवला की पाणी सुरक्षित दिसतं. पाऊस वाहूनही जातो, वाफ होऊनही जातो, हे भूजलाचा अहवाल लिहिणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्यात जुन्या शेतीच्या खतांमुळे आधीच असलेलं नायट्रेट मिळवलेलंच नव्हतं.

तक्रार घेऊन गेल्यावर विकासकाने घरोघर 'शुद्धीकरण यंत्र' विकायला माणूस पाठवला. आत कोळशाचा फिल्टर आणि अतिनील दिवा. या दोन्हींनी नायट्रेट जात नाही. पाणी उकळल्यानेही जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे ते वाढतं. आरओ, ऊर्ध्वपातन किंवा आयन-विनिमय (खास राळेच्या कणांवर नायट्रेट अडकवणं) हेच उपाय चालतात, आणि यंत्र बसवल्यावर पाणी पुन्हा तपासावं लागतं. शेजारच्या बाळासाठी आता पाणी बाहेरून आणतात.

आता विकासक म्हणतो अहवाल सल्लागाराचा, सल्लागार म्हणतो तक्ता विकासकाने टाइप केला. आम्ही दोघांविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे, मूळ प्रमाणपत्र जोडून.

कोणी असा प्लॉट बघत असेल तर सारांशाचा तक्ता बाजूला ठेवा आणि प्रयोगशाळेचं मूळ प्रमाणपत्र मागा. आकडा कशाच्या रूपातला आहे, नमुना कुठल्या बोअरचा आणि कुठल्या महिन्यातला, हे विचारा. परिणामाच्या हिशेबात पाऊस किती मुरतो असं धरलंय आणि सगळ्या प्लॉटवर घरं झाल्यावरचा आकडा काय, हे लिहून घ्या. तुमचा नमुना तुम्ही स्वतः उताराकडच्या उथळ विहिरीतून घ्या, बर्फात ठेवा आणि 48 तासांच्या आत तपासायला द्या. विकासक मूळ प्रमाणपत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर बयाणा देऊ नका.